पायांची खबर

वडिलांना आजार आहे हे कळलं तेव्हा मी हसले. तोंडावर हात वगैरे न ठेवता, चांगली मोठ्यानं. वाशीच्या एका लॅबच्या पायऱ्यांवर उभी होते, हातात रिपोर्ट होता. पायऱ्या चढणाऱ्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "गुड न्यूज वाटतं?" मी म्हटलं, "हो, गुड न्यूजच." त्यांना वाटलं असेल घरात पाळणा हलणार. त्यांना काय सांगणार होते मी? की माझ्या वडिलांच्या रक्तात जे असायला हवं ते जवळपास नाहीच, आणि म्हणून माझे वडील खोटं बोलत नव्हते?

हे नीट सांगायचं तर आबांच्या दारूपासून सुरुवात करावी लागेल. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. ट्रकमधली पोती पाठीवर घ्यायची, फळीवरून खाली उतरायचं आणि गाळ्यात थप्पी लावायची, हे काम ते माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. आमचं घर कोपरखैरण्याला, माथाड्यांच्या वसाहतीत. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर नंतर चढवलेली एक खोली. राहणारी माणसं तीन: आबा, आई आणि मी. मी रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली मशीन चालू करणं हे माझं काम, आणि त्या कामात मी हुशार आहे असं मला वाटायचं.

आबा प्यायचे. मारायचे नाहीत, शिव्याही द्यायचे नाहीत. प्यायले की ते खोटं बोलायचे, एवढंच. एका हातानं दाराची चौकट धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज न्हाय घेतली गं." हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले. पुढे पुढे ते ऐकलं की मी ताट वाढायला उठायचेच नाही.

आठ वर्षांपूर्वी, माझ्या डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, त्यांच्या टोळीतल्या एकाचा फोन आला. आबा मार्केटच्या गेटाबाहेर फुटपाथवर पडले होते. मी रिक्षा करून गेले आणि त्यांना घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा पीत बसले असताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "पुन्हा प्यायलात तर मी आईला घेऊन वेगळी राहीन. ही धमकी नाही, आधीच सांगून ठेवतेय." मला राग आला की मी ओरडत नाही, सावकाश बोलते. घरात सगळे त्यालाच जास्त घाबरतात.

आबांनी चहा संपवला, पिशवी घेतली आणि गावी गेले. चार दिवसांनी आले ते गळ्यात तुळशीची माळ घालून. आमच्याकडे माळ घातली की दारू सुटते, मटण-मासे-अंडी सुटतात, आणि साऱ्या गावाला ते ठाऊक असतं. आई म्हणाली, "माळेला भितील. तुला न्हाईत भ्यायचे."

माळ घालून कामावर गेले त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आबा घरी आले. मी दारात होते. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, वाकले आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून श्वास सोडला, "हा". मी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास आबा यायचे, दारात वाकायचे आणि "हा" करायचे. मी वास घ्यायचे आणि बाजूला व्हायचे. यावर आम्ही दोघं कधी एक अक्षरही बोललो नाही. सात वर्षं हे असंच चाललं.

मग गेल्या वर्षी एका संध्याकाळी आबा एका चपलेनं घरी आले.

"दुसरी कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. आपला डावा पाय उघडा आहे हे बघून त्यांना खरोखरच नवल वाटलं. "हितंच असंल," ते म्हणाले. मी शोधायला निघाले. चप्पल गल्लीच्या तोंडाशी, मेडिकलसमोर पडली होती. म्हणजे तिथपासून घरापर्यंत हा माणूस एका अनवाणी पायानं चालत आला आणि त्याला पत्ता नाही. आमच्या घरात याचं एकच कारण माहीत होतं.

मी परत आले तेव्हा ते दारातच थांबले होते. वाकले, "हा" केलं. वास नव्हता. पण व्होडकाला वास येत नाही असं कंपनीत कुणीतरी म्हणालं होतं आणि ते ज्ञान मी जपून ठेवलं होतं. मी बाजूला झाले, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आबा पाय फाकवून चालायचे. पाऊल टाकताना फटकन आवाज यायचा. गल्लीत लावलेल्या बाइक्सच्या सीटांवर एकेक हात टेकवत यायचे. संध्याकाळी लाइट गेले की जिना चढायचे नाहीत, खालीच बसून राहायचे. मी त्यांची पिशवी तपासली. डबा, पंचा, चुन्याची डबी आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी. बाटली सापडली नाही, आणि खरं सांगते, माझी निराशा झाली. सापडली असती तर निदान भांडता आलं असतं.

त्यांच्या टोळीचे मुकादम एकदा घरी आले. वयानं आबांएवढेच, गावाकडचे. आबा वर झोपले होते. मुकादम आवाज खाली आणून म्हणाले, "कामाला माणूस चोख हाय. पोतं पाठीवर असलं की फळीवरनं सरळ उतरतो, पाऊल हिकडचं तिकडं न्हाई. पण पोतं टाकून मोकळा झाला की झुलतो. म्हंजे काय? ओझ्याखाली सोताला सांभाळतो. जुना गडी हाय, जमतंय त्याला."

मला ते पटलं. माझं डिप्लोमा झालेलं डोकं म्हणालं, बरोबर आहे, सराईत माणूस असाच वागणार. आईनं मुकादमांना चहा दिला आणि ती आत जाऊन तांदूळ निवडत बसली.

मग एकादशीचं भजन झालं. वसाहतीतल्या देवळात दर एकादशीला संध्याकाळी भजन असतं. आबा माळकरी झाल्यापासून पहिल्या रांगेत, हातात टाळ घेऊन उभे. मी गेले नव्हते, आई बायकांत बसली होती. तिनं नंतर सांगितलं ते असं: शेवटी सगळे डोळे मिटून नाम घ्यायला लागले. आबांनीही मिटले. आणि ते झुलायला लागले. आधी जरासे, मग चांगलेच, आणि मग सरळ पुढच्या पेटीवर जाऊन कोसळले. पेटीवाल्यानं बोटं ओढून घेतली म्हणून वाचली. भजन थांबलं. कुणीतरी म्हातारा मागून बोलला, "माळेची तरी लाज ठेवायची." आबा उठले, टाळ गोळा केले आणि म्हणाले, "न्हाय घेतली."

आई घरी आली तेव्हा चप्पल न काढताच खाटेवर बसली. माझी आई रडणाऱ्यांतली नाही. हातातला प्रसाद उशाशी ठेवला आणि म्हणाली, "बघ बाई खोली."

मी बघितली. घणसोलीला, तिथल्याच गाववाल्या एका बाईंच्या चाळीत. खोली बरी होती, पाणी होतं. एक तारखेपासून येतो म्हटलं आणि चावी घेऊन आले. एक तारखेला नऊ दिवस होते. आबांना आम्ही काही सांगितलं नाही, पण आमच्या एवढ्याशा घरात काही लपत नाही. मी चावी पर्समध्ये टाकताना त्यांनी पाहिलं असणार. त्या दिवसांत ते मला बघून वाटेतून बाजूला व्हायचे.

त्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. मार्केट बंद, कंपनीला सुट्टी, तिघंही घरात. आबा सकाळपासून बाहेर पडले नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी दारातच मिक्सर उघडून बसले होते. मला ओलांडल्याशिवाय बाहेर जायला वाट नव्हती. दहाच्या सुमाराला आबा मोरीवर तोंड धुवायला गेले. मोरी माझ्या अगदी समोर. त्यांनी तोंडाला साबण लावला आणि डोळे मिटले.

आणि ते झुलायला लागले. खांदे गोल गोल फिरायला लागले, मग सगळं अंग एका बाजूला कललं आणि ते भिंतीवर जाऊन आपटले. तांब्या घरंगळत माझ्यापर्यंत आला. त्यांनी नळ पकडला, डोळे उघडले आणि सरळ उभे राहिले. अगदी सरळ.

"काय झालं?" मी विचारलं.

"साबण गेला डोळ्यात."

सात वर्षांत मी पकडलेलं हे त्यांचं पहिलं खोटं, आणि तेही साबणाबद्दल. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आबा, परत मिटा डोळे."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. मी मनात मोजलं. एक, दोन, आणि तिनाला ते कलले. मी धरलं. डोळे उघडले की सरळ. पुन्हा मिटायला लावले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काय लहान पोरांचा खेळ मांडलाय?" पण माझं डोकं रबाळ्याला पोचलं होतं.

आमच्या शॉपमध्ये एक जुनं मशीन आहे. मध्यंतरी ते थरथरायला लागलं. टेबल नेमकं जागेवर थांबायच्या ऐवजी पुढे-मागे हुंदडायचं. ऑपरेटर म्हणाला मोटर गेली. मोटर बदलली, तरी तेच. कंट्रोलर तपासला, ठीक. शेवटी मीच शोधलं होतं: टेबल आता कुठं पोचलंय हे कंट्रोलरला कळवणारी एक केबल असते, ती आतून तुटली होती. मोटरमध्ये जोर होता, हुकूमही बरोबर सुटत होता, पण हुकमाचं पुढं काय झालं ही खबर परत येत नव्हती. म्हणून बिचारं मशीन अंदाजानं हलत होतं. ते शोधल्याबद्दल मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली होती. आणि माझ्या घरात कित्येक महिने माझा बाप असाच अंदाजानं चालत होता, आणि मी त्याची पिशवी तपासत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आबांना वाशीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन उचलून विचारलं, "दारू?"

"हो," मी म्हटलं. सवयीनं. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी यांना विचारलं."

आबा मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "आधी लई घ्यायचो. सात वर्षं झाली, न्हाय घेतली."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि कागदावर तसं लिहिलं. उलट प्रश्न नाही, भुवई वर नाही. आबा त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांचं बोलणं कुणी असं सरळ लिहून घेतलेलं मीही कधी पाहिलं नव्हतं.

मग तपासणी. पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा. आबा तिनाला कलले, डॉक्टरबाईंनी धरलं. मग त्यांना टेबलावर झोपवून त्यांच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला. "डोळे मिटा आणि मला सांगा, अंगठा मी वर करतेय का खाली?"

"वर," आबा म्हणाले. अंगठा खाली होता.

"आता?"

"बहुतेक वर." आताही खालीच होता.

"बहुतेक नको. कळतंय का?"

आबांनी डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाय कळत." ज्या माणसानं जन्मभर या पायांवर ट्रक रिकामे केले, त्याला हे बोलणं जड गेलं. त्यानंतर डॉक्टरबाईंनी दोन दांड्यांचा एक लोखंडी काटा हातावर आपटून त्यांच्या घोट्यावर टेकवला. तो थरथरत होता, मला लांबूनही ऐकू येत होतं. आबांना काहीच जाणवलं नाही. तोच काटा छातीच्या वरच्या हाडावर टेकवला तेव्हा ते दचकले.

"बघा," डॉक्टरबाई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "पाय उचल, टाक, हा हुकूम मेंदू देतो. ते तुमचं ठीक आहे. ताकद तर एवढी आहे की मला ढकलून द्याल. पण मेंदू हुकूम देऊन गप्प बसत नाही. दर पावलाला खालून खबर मागतो. पाय कुठं टेकला? किती वाकला? जमीन सपाट आहे का? ती खबर पाठीच्या कण्यातून वर जाते. तुमची ती लाइन बिघडलीय. मग मेंदू काय करतो, डोळ्यांना विचारतो. डोळे बघून सांगतात तोवर चालतंय. डोळे मिटले की संपलं."

"लाइट गेले की जिना चढता येत न्हाय," आबा हळूच म्हणाले. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितली.

मला एक गोष्ट छळत होती. मी विचारलं, "पण मग पाठीवर पोतं असताना सरळ कसे चालतात?"

डॉक्टरबाईंनी आबांना विचारलं, "पोतं घेतल्यावर बघता कुठं?"

"खाली. पायाकडं. मान वरच होत न्हाय."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या.

मला मुकादम आठवले, चहा आठवला, आणि मी किती समजूतदारपणे मान डोलावली होती ते आठवलं. ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला आपले पाय दिसतात. ओझं उतरलं, मान वर झाली की पाय गेले. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला डॉक्टर लागला.

पुढचे प्रश्न झटपट झाले. मटण-मासे? माळ हाय. दूध? पचत न्हाय, कोरा चहा घेतो. ॲसिडिटीची गोळी? रोज सकाळी, दारू होती तवापास्नं. डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या की बी-ट्वेल्व्ह कमी झालं असावं असा त्यांचा अंदाज आहे. ते मटण-मासे-दुधातून येतं, त्यातलं हे काही खात नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या गोळीमुळे जे थोडं येतं तेही अंगी लागत नाही. पण नुसत्या अंदाजावर त्या काही बोलणार नव्हत्या. रक्त तपासा, मानेचा स्कॅन करा, मग बघू.

म्हणजे ज्या माळेनं दारू सोडवली, त्याच माळेमुळे लोक त्यांना दारुडा म्हणत होते. रिक्षात बसल्यावर हे मी आबांना म्हटलं. ते म्हणाले, "माळेला नको बोलू."

रिपोर्टला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी देवाकडे जे मागितलं ते कुणी मागू नये. रिपोर्ट खराब येऊ दे, असं मी मागितलं. रोज सकाळी देवघरासमोर हात जोडून, मनापासून. रक्त चांगलं आलं असतं तर पर्समधली ती चावी तशीच राहिली असती. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "असं वंगाळ मागू नगंस गं देवाकडं." आणि मग तिनं स्वतः निरांजनात तूप जास्त घातलं.

रिपोर्ट खराब आला. मी लॅबच्या पायऱ्यांवर हसले ते तेव्हा. आधी हसले आणि मग तिथंच कठड्याला टेकून रडले. इतकं मोकळं मला डिप्लोमा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. स्कॅनमध्येही तेच निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. सगळं परत येईल असं लिहून देत नाही, पण बरंच येईल. इंजेक्शनं चुकवायची नाहीत."

आबांनी सुईकडे बघत विचारलं, "ह्यात मटण-बिटण न्हाय ना?"

"नाही हो. माळेला चालतं."

त्याच संध्याकाळी मी घणसोलीला चावी परत द्यायला गेले. चाळीच्या मालकीणबाई दारात बसून सुकट निवडत होत्या. "काय गो, नको का खोली?" त्यांनी विचारलं.

"नको. आम्हाला वाटलं वडील प्यायला लागले. ते आजारी होते."

"प्याले नव्हते?"

"नाही."

त्यांनी चावी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "मंग र्‍हा तुजे घरान. रडतंस कनाला?" मी रडत होते हे मला त्यांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

नंतरचे महिने घरात मोजणी चालली. रोज सकाळी आबा देवघरासमोर पाय जुळवून उभे राहायचे, डोळे मिटायचे, मी मागे दोन्ही हात पसरून उभी आणि आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं आकडे म्हणायची. सुरुवातीला तीन. बरेच दिवस तीनच. मग एकदा पाच. मग परत चार, आणि आई अशी वैतागली की जणू आबांनी मुद्दाम केलं. तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा आबा खूश झाले. महिनोन् महिने पाय म्हणजे दुसऱ्याचे वाटत होते म्हणाले.

एके दिवशी मी कंपनीत जाण्याच्या घाईत होते आणि आबा अंघोळ करून बाहेर आले. चालता चालता मध्येच थांबले. मला वाटलं तोल गेला, मी धावले.

"फरशी गार हाय," ते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "थंडीचे दिवस हायती, गारच असणार."

"अगं, गार लागतीया मला."

आई बाहेर आली. ती आबांच्या पायांकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून परत आत गेली. माझी आई रडणाऱ्यांतली नाही असं मी मघाशी लिहिलं, ते या एका दिवसापुरतं खोडायला हरकत नाही. आबा मात्र उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशीवर चालत राहिले. मला त्या दिवशी उशिराचा शेरा मिळाला.

टोळीनं मधले महिने त्यांना फळीवर चढू दिलं नाही, बसून पोत्यांची तोंडं शिवायला लावलं. मुकादम घरी येऊन गेले. आईनं त्यांना चहा दिला, पण या वेळी साखर कमी घातली, असा माझा संशय आहे. ते आबांना म्हणाले, "चुकलं आमचं." आबा म्हणाले, "मला तरी कुठं कळत हुतं?" आणि दोघं गावाकडच्या पावसापाण्याचं बोलायला लागले. एकादशीला आबा पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहिले. या वेळी मीही गेले होते. पेटीवाल्यानं पेटी चांगली चार हात मागे ओढून घेतलेली मी पाहिली. आबांनी डोळे मिटले. मी बायकांतून मोजत होते. तीस झाल्यावर मी मोजणं सोडलं आणि भजन ऐकायला लागले.

अजून ते पूर्ण बरे नाहीत. अंधारात भिंत धरतात, बोटांच्या टोकांना अजून बधिरपणा आहे. पण फळीवर परत चढलेत, आणि एका चपलेनं पुन्हा कधी घरी आले नाहीत.

एक गोष्ट माझ्या मनात राहिली होती. एका रविवारी दुपारी ते लसूण सोलत बसले होते. हल्ली बोटांना काम म्हणून ते घरातला सगळा लसूण सोलतात. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आबा, तेव्हा तुम्ही भांडला का नाहीत? ओरडून सांगायचं ना आम्हाला."

"काय सांगायचं?"

"की तुम्ही घेतली नाही म्हणून."

"सांगत हुतो की. 'न्हाय घेतली', रोज सांगत हुतो." त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "घेतल्यावर बी हेच सांगायचो न्हव का. खरं बोलायला दुसरे शब्द कुठनं आणू?"

मी वाटीत पडलेली सालं वेचली. मग म्हटलं, "मी चुकले, आबा." हे म्हणायला मला इतके महिने लागले, आणि म्हणून झाल्यावर ते तितकंसं अवघड नव्हतं असं वाटलं.

"असू दे गं."

"आणि ते दारातलं आता बंद करा. ते 'हा' करणं. माझा विश्वास आहे तुमच्यावर. मला लाज वाटते त्याची."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण त्यांचे हात थांबले. "नको," ते म्हणाले. "ते राहू दे."

"अहो पण कशाला?"

"तुझा इस्वास हाय. माझा माझ्यावर रोज नसतो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मार्केटच्या गेटाभाईर ते दुकान हाय. सात वर्षं झाली, रोज त्याच्या म्होरनं येतोय. तिथं आलं की ध्यानात येतं, दारात तू असणार. मग पुढं पाऊल पडतं."

मीही एक गड्डी उचलली. थोडा वेळ आम्ही दोघंही लसूण सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गल्लीत त्यांची पावलं वाजली, दोन्ही चपलांची. मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिले. आबांनी पिशवी खाली ठेवली, वाकले आणि "हा" केलं. मी नीट वास घेतला. चहाचा होता, आणि कांद्याच्या पोत्याचा.

"या आत," मी म्हटलं.